गेरूचा ठिपका

आमच्या थोरल्या दिरांइतका स्वच्छ माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. मी फार हिंडलेली नाही. चौथीत शाळा सुटली आणि लग्नानंतर वाळूजच्या कडेची ही वस्तीच माझं जग झाली. तरी हे मी ठासून सांगते. पहाटे चारला उठून ते कडुनिंबाची काडी चावायचे, थंड पाण्यानं अंघोळ करायचे आणि कंपन्यांच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आत दोन कोस चालून यायचे. बिडी नाही, तंबाखू नाही, हॉटेलचा चहासुद्धा नाही. जेवताना लसणाच्या पाच पाकळ्या. सहावी वाढली तर उचलून परत ठेवायचे. आठ वाजता झोप. पाहुण्याला फाटकापाशीच साबण देऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावायचे. त्यांच्या मुलीला बघायला मंडळी आली, त्यांनाही सोडलं नाही. मुलाचा बाप चिडून म्हणाला, "आमी काय मेंढरं हाव का, धुऊन घ्यायला?" दीर म्हणाले, "मेंढरं बरी, पावणं. ती गुमान उभी तरी ऱ्हात्यात." तरीही लग्न जमलं. ते व्याही अजून आले की आधी नळाकडे जातात.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर बोलायचं नाही. मी तर मुळातच अबोल, त्यामुळं मला त्याचं ओझं कधी वाटलं नाही. पण एका घरात राहायचं म्हटल्यावर बोलणं अडतंच. त्यावर दिरांनी तोड काढली होती. अंगणात कुंपणाच्या कडेला ढवळी नावाची म्हातारी मेंढी बांधलेली असायची. तिच्याकडे तोंड करून ते म्हणायचे, "ढवळे, आज आमटीत मीठ लई झालंय." मीही पदर सावरून तिलाच सांगायची, "ढवळे, म्हणावं, मीठ जाऊबाईंनी टाकलंय." ते अजून एक भुरका मारायचे. मग, "ढवळे, आमटी तशी ब्येस झालीय." वीस वर्षं आमचा सगळा संसार आधी तिच्या आईच्या आणि मग तिच्या कानावरून गेला.

त्यांच्या चाळीस मेंढ्या होत्या. जनावरांचे डॉक्टर देवीची लस टोचायला आले की त्या दिवशी दीर जेवायचेही नाहीत. एकेक मेंढी धरायची, सुई झाली की वाटीतला गेरू बोटावर घेऊन तिच्या कपाळाला ठिपका लावायचा. ठिपका दिसला म्हणजे सुई झाली. आमच्या घरात पुन्हा कुणी विचारत नसे. एकही मेंढी बिनठिपक्याची झोपली नाही.

आणि कोरोनाची लस आली तेव्हा हाच माणूस अडून बसला. माझे मालक म्हणाले, "दादा, मेंढरांना चालती, मग तुमाला का नाय?" दीर म्हणाले, "मेंढराला हात धुता येत नाय, म्हणून त्याला सुई. मला येत्यात." जाऊबाई म्हणाल्या, "व्हय, आन सुईला भ्यायला बी मेंढराला येत नाय. ते तुमाला येतंय." हा टोमणा बरोबर लागला. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्यानं आमच्याबरोबर औरंगपुऱ्यातल्या केंद्रावर आले.

बायकांची रांग वेगळी होती. मालक आणि जाऊबाई आधीच आत गेले होते. मी रांगेतून बघत होते. दिरांच्या पुढं दोनच माणसं उरली, तेव्हा त्यांनी घाम पुसला, इकडं तिकडं बघितलं आणि रांगेतून निघून शहागंजच्या बाजाराकडं चालू लागले. संध्याकाळी घरी आले ते हातात लसणाची जुडी आणि दंडावर गेरूचा ठिपका घेऊन. "मला बी लागला बरं का शिक्का!" घरभर हशा पिकला. कुणी काही विचारलं नाही. ठिपका होता ना.

मी ढवळीला पाणी पाजायला गेले. दीर बाजेवर बसून होते. आता सांगावं, असं ओठांपर्यंत आलं. पण चारचौघांत थोरल्या माणसाचं खोटं उघडं करायचं कसं? मी म्हणाले, "ढवळे, पाणी पी."

महिन्याभरात ताप घरात शिरला. सुई घेतलेले आम्ही सगळे आठवड्यात उठलो. दिरांना दवाखान्यात न्यावं लागलं, एकवीस दिवस. डॉक्टर म्हणाले, "विडी-काडी नाही, चालणं आहे, म्हणून एवढ्यावर निभावलं. त्याच्या जोडीला लस असती तर बहुतेक ही पाळी आली नसती." मालक म्हणाले, "घेतली व्हती की, डॉक्टरसाहेब." मी तिथंच उभी होते.

जीव वाचला, पण छाती गेली. दोन कोस चालणारा माणूस बाजेपासून नळापर्यंत दोनदा बसतो. हात मात्र अजून कोपरापर्यंत धुतो. मेंढ्या विकाव्या लागल्या. ढवळी त्याआधीच म्हातारपणानं गेली होती. एका दुपारी मी भाकरी ठेवायला गेले, तर ते सरळ माझ्याकडे बघून बोलले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"धाकले, तू त्या दिशी मला बघितलं व्हतंस ना? मंग बोलली का नाय?"

मी ताट ठेवून आत आले आणि चुलीपुढं बसून राहिले.

यंदा डॉक्टरांनी थंडीतल्या फ्लूची लस घ्यायला सांगितली. नर्सबाई घरी आल्या. दिरांनी स्वतः बाही वर केली आणि डोळे गच्च मिटले. त्या गेल्यावर ते बराच वेळ रिकाम्या कुंपणाकडे बघत राहिले. मग धापा टाकत म्हणाले, "ढवळे... धाकलीला म्हणावं, गेरू आण."

मी वाटी आणून बाजेच्या कडेला ठेवली. त्यांनी बोट बुडवून दंडाला ठिपका लावला. "ढवळे, सांग तिला. ह्या बारीला खरा हाय."

मी कुंपणाकडे तोंड केलं. आत गुडघ्याएवढं गवत माजलंय. "ढवळे," मी म्हणाले, "दादांना सांग, मी बघितलं व्हतं. चुकलं माझं."

दीर हसायला गेले आणि त्यांना खोकला लागला. तो थांबेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.