पुंजारामचं ‘हां’

सातपूरच्या एका कारखान्यात फिटर असलेला पुंजाराम १९८१ साली सायकलवरून डोक्यावर पडला. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आला तेव्हा हातपाय धड होते, शब्द मात्र गेले होते. समोरच्याचं बोलणं कळायचं, उत्तरही मनात तयार असायचं. पण तोंडातून निघायचं एकच, "हां". पाणी हवं तरी "हां", नको तरी "हां". मानही मेली तोंडाचीच बाजू घेऊन हलायची.

वसाहतीतल्या लोकांनी आधी त्याच्याशी ओरडून बोलून पाहिलं, जणू तो बहिरा झालाय. मग बोलणंच सोडलं. त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलायला लागले. भरल्या घरात पुंजाराम एकटा पडला. बायकोला, भिमाबाईला, तेवढा तो न बोलता कळायचा. तिच्या जिवावर त्याचा दिवस निघायचा.

वैशाखी पौर्णिमेला ती त्याला विहारात घेऊन गेली. वंदना सुरू झाली आणि पुंजारामचा आवाज फुटला. पालीतलं त्रिशरण, पंचशील, सगळं पूर्वीसारखं खणखणीत, कुठे अडखळणं नाही. त्याचा त्यालाच विश्वास बसेना. वंदना संपताच तो भिमाबाईकडे वळला, तिला हाक मारायला तोंड उघडलं, आणि पुन्हा "हां".

मागे त्याचा मेहुणा केरू बसला होता. "पाली म्हणता येती अन् मराठी येत नाय? दाजी, कामावर जायला नको म्हणून सोंग केलं ना तुमी?"

पुंजारामच्या अंगाची आग झाली. नाही, नाही, असं आतून ओरडत तो म्हणाला, "हां. हां."

झालं! चोरानेच कबुली दिल्यावर साक्षीदार कशाला हवा? ती खणखणीत वंदना ऐकलेल्या भिमाबाईलाही ते खरं वाटलं. ती ताट वाढायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. असे चार महिने गेले. डोकं फुटल्याचं दुःख याच्यापुढे काहीच नव्हतं.

मागच्या गल्लीत लताबाई नावाची नर्स राहायची. तिच्या कानावर हे गेलं, तशी ती एका रविवारी सरळ घरात आली आणि भिमाबाईला शेजारी बसवून घेतलं.

"भाऊ, तुमचं नाव केरू?" तिने पुंजारामला विचारलं.

"हां."

"तुम्ही बाई आहात?"

"हां."

भिमाबाईला हसू फुटलं.

"तुम्ही मेलात का?"

"हां."

भिमाबाईचं हसू जागीच विरलं.

"त्यांचं पाठांतर शाबूत आहे," लताबाई म्हणाली, "मनातलं बोलायची जागा दुखावलीय. असे पेशंट वॉर्डात पाहिलेत मी. रोज संध्याकाळी येत जाईन. दोघी मिळून शिकवू त्यांना."

ती गेल्यावर भिमाबाई नवऱ्यासमोर येऊन बसली. "चुकलं माझं. लय राग आला असंल ना माझा?"

राग कसला? तिने एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

"हां," पुंजाराम म्हणाला.

भिमाबाई उठली नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाय आला. दिसतंय मला."