पत्र्यात अडलेली थंडी

मर्ल ट्रिफिटला रागवायला कारण कधीच लागत नसे. पण त्या वसंतात तिच्याकडे कारण होतं, आणि ते चांगलं पुरुषभर उंच, पत्र्याचं होतं.

टास्मानियातलं आमचं हे डोंगरातलं गाव सगळं उतारावर. मर्लचं घर वर, तिच्या धाकट्या बहिणीचं, थेल्माचं, तिच्या खाली, आणि थेल्माच्याही खाली ओढा. दोघींच्या परसांमध्ये इतकी वर्षं नुसती तार होती, मेंढरू अडावं एवढ्यापुरती. त्याआधीच्या हिवाळ्यात थेल्मानं ती तार उपटून काढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्रा बोल्टांनी आवळून घेतला.

त्याला कारण मर्लचं तोंड. मेंढ्या कातरणाऱ्या टोळ्यांना तिनं जन्मभर रांधून घातलं. टेबलाभोवती बसलेल्या भुकेल्या बाप्यांना ऐकू जायचं तर आवाज चढवावाच लागतो. टोळ्या गेल्या, आवाज राहिला. थेल्मा परसात आली की ही तारेवर कोपर टेकून सुरू. "काय गं, वाटाण्याला काठ्या रोवतेस की कुणाला पुरतेस?" "तो कोबी आहे की कोबीचा आजारी मेव्हणा?" थेल्मा ऐकून घ्यायची. पण एकदा मर्ल म्हणाली, "रेज होता तेव्हा कांदे तरी सरळ ओळीत यायचे." रेज थेल्माचा नवरा. त्याच्या थडग्यावरची माती अजून बसली नव्हती. थेल्मानं कुदळ तिथंच टाकली, घरात गेली, आणि पुढच्या आठवड्यात पत्रा आला.

बोलणं तुटलं त्याचं मर्लला फारसं काही वाटलं नाही. भिंतीशीही बोलता येतं. पण ऑक्टोबर, म्हणजे आमच्याकडचा वसंत, सरताना, आकाश निरभ्र, वारा पडलेला, अशा एका पहाटे दंव गोठलं आणि तिच्या बटाट्यांचे कोंब काळे पडले. उकडलेल्या पालकासारखे लिबलिबीत. आदल्या संध्याकाळी तिनं त्यांच्यावर माती ओढली होती, दरवर्षी ओढते तशी, नेमकी तेवढीच. दरवर्षी तेवढ्यानं भागायचं.

पत्र्याच्या फटीला डोळा लावून तिनं पलीकडे बघितलं. तिकडे थेल्माची टोमॅटोची रोपं मजेत उभी. टोमॅटो, आणि ऑक्टोबरात. खाली शहरात ऑक्टोबरातल्या शेतकी जत्रेच्या दिवशी टोमॅटो लावतात, ते समुद्राकाठचे लोक, त्यांचं काय जातंय. आमच्या गावात त्या दिवशी टोमॅटो लावणारा एक तर नवखा असतो, नाही तर प्यायलेला. थेल्मा दोन्हीपैकी काहीच नव्हती. तिनं पत्र्याच्या उबेच्या जिवावर लावले होते.

तेव्हा मर्लच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थंडी पाण्यासारखी असते, उतारानं खाली जाते. इतकी वर्षं ती डोंगरावरून मर्लच्या वाफ्यातून, तारेतून, थेल्माच्या वाफ्यातून ओढ्यात जायची, कुणाकडे मुक्काम करायची नाही. आता ती पत्र्याला अडून मर्लच्या बटाट्यांवर साचत होती.

फावड्याच्या दांड्यानं तिनं पत्रा बडवला. समोरच्या आमच्या घरात चहाचे कप थरथरले.

"थेल्मा, हा पत्रा काढ."

"कोण बोलतंय?"

"तुझा बाप बोलतोय. माझ्याकडे थंडी तुंबलीय, धरणात पाणी तुंबावं तशी."

"मग पोहायला शीक."

आता हे बटाटे म्हणजे नुसते बटाटे नव्हेत. आमच्याकडे नाताळच्या दुपारी ताटात स्वतःच्या वाफ्यातले नवे, गुलाबी डोळ्यांचे बटाटे लागतात, नखानं साल निघेल असे कोवळे. ते नसले तर बाईनं हंसाचं मांस रांधलं तरी लोक तोंड वाकडं करतात. ट्रिफिटांचं सगळं गोत नाताळला मर्लच्या टेबलावर यायचं. बटाटा एकदा जळला तर खालून पुन्हा फुटतो. दुसऱ्यांदा जळला की नाताळ गेला. मग बाजारचे बटाटे आणायचे, किंवा थेल्माकडून मागायचे. बाजारचे आणण्यापेक्षा तिनं विष आणलं असतं, आणि थेल्माकडे मागण्यापेक्षा ते प्यायली असती.

कोंब पुन्हा फुटले. नोव्हेंबरात पुन्हा तशीच संध्याकाळ आली, वारा मेलेला, डोंगर काचेसारखा स्वच्छ. मर्ल पाना घेऊन खालच्या कोपऱ्यात गेली आणि उजेड असेतो दोन पत्रे खोलून मोकळी झाली. थेल्मा झाडू घेऊन धावत आली.

"चोरटे. ते माझे पत्रे आहेत."

"हे घे तुझे पत्रे, उशाला घे. मला भोक हवंय."

"म्हणजे थंडी माझ्याकडे सोडणार?"

"थंडी काय मी पाळलीय? ती डोंगराची. तिला ओढ्याला जाऊ दे."

थेल्मा झाडूवर रेलून उभी राहिली. म्हणाली, "ठेव भोक. पण त्या भोकातून तुझा एक शब्द माझ्या परसात आला, तर सकाळी मी तिथं वीट-सिमेंट भरीन. कळलं?"

मर्लनं तोंड उघडलं, बटाट्यांकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. मान हलवली. गावात हे कुणी याआधी बघितलं नव्हतं.

मग थेल्मानं टोमॅटो झाकायला घेतले. खोपटातून काळं प्लास्टिक आणलं आणि काठ्याबिठ्या न रोवता सरळ रोपांवर पसरलं, पानांना चिकटवून. कडेला दगड. आमच्याकडची पोरंही सांगतील की प्लास्टिक पानाला टेकलं की पान तिथं गोठतं. जुनी चादर टाकावी, आणि तीही काठ्यांवर. पण थेल्मानं उभ्या आयुष्यात या दिवसांत टोमॅटो झाकले नव्हते, कारण लावलेच नव्हते.

मर्ल भोकाशी उभी होती. घरातल्या सगळ्या जुन्या चादरी तिच्या हातात होत्या, आपल्या वाटाण्यांसाठी आणलेल्या. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. थेल्मानं एकदा तिच्याकडे बघितलं. मर्ल बोललेली हवीच होती तिला, असं आम्हाला तरी वाटलं. मर्ल बोलली नाही. वाटाणे झाकले, बटाट्यांवर माती ओढली आणि दार इतक्या जोरात लावलं की आमच्या कोंबड्या उठल्या.

उजाडलं तर सगळं पांढरं. मर्लनं माती सारली. कोंब हिरवे होते, दोन-तीन टोकं करपलेली. खाली थेल्मा प्लास्टिक उचलत होती. टोमॅटोची पानं काळी होऊन प्लास्टिकलाच चिकटून वर आली. ती भोकाशी आली.

"तुला माहीत होतं."

मर्लनं मान हलवली.

"बोल आता. बोल, भवाने."

"माहीत होतं."

"आणि तू बघत राहिलीस."

"एक शब्द नको म्हणालीस. मी एक शब्द नाही काढला."

"जन्मभर नको तेव्हा बोललीस. रेजबद्दल बोललीस. आणि एकदा हवं होतं तेव्हा तोंडाला कुलूप."

मर्लच्या हातात फावडं होतं. तिनं ते जमिनीत खुपसलं, काढलं, पुन्हा खुपसलं. "रेजबद्दल बोलायला नको होतं," ती म्हणाली, शिवी द्यावी तशी. "कांद्यांबद्दल मात्र खरं बोलले."

थेल्मानं आपल्या काळ्या रोपांकडे बघितलं. मग म्हणाली, "भोक राहू दे. माझं आता जळायचं काही उरलं नाही. पण नाताळचे अर्धे बटाटे माझे, आणि ते मी माझ्या टेबलावर वाढणार. सगळं गोत या वर्षी माझ्याकडे."

"तुझ्याकडे? तुझ्या त्या कोंदट खोलीत?"

"नाही तर वीट-सिमेंट."

मर्लला खूप बोलायचं होतं. ते तिनं बटाट्यांना सांगितलं, दुपारपर्यंत, माती ओढता ओढता, आणि आम्ही समोरून सगळं ऐकलं. नाताळला मात्र टोपली घेऊन ती खाली उतरली, रस्त्यानं, भोकातून नाही. बटाटे टेबलावर ठेवले आणि थेल्माला म्हणाली, "मीठ जास्त घालू नकोस. तुझं नेहमी जास्त होतं."