समुद्रात आलेला लातूरचा भूकंप

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मालवणच्या बाजूचा समुद्र, किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर एक मोटरबोट. बोटीत लातूरकडची चौदा माणसं आणि एक नाखवा.

पुढं जे झालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण उरलेल्या तेरा जणांनी ते गावभर केलंच आहे, आणि प्रत्येकानं आपापलं मीठ घालून! जन्मभर बातमीदारी केलेल्या माणसानं स्वतःची बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची? मला नाही जमणार.

आमची मृदुला बारावीची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झाली होती. दोन वर्षं पहाटे पाचची बॅच आणि दर रविवारी टेस्ट. डॉल्फिन हा सस्तन प्राणी आहे, हे पोरीनं एका मार्कासाठी निदान वीस वेळा लिहिलं असेल. तिचं मागणं एकच, "बाबा, एकदा खरा डॉल्फिन दाखवा." म्हणून क्लासमधल्या चार घरांनी मिळून गाडी केली.

आदल्या दिवशी दोन तास फिरून दिसलं काय? पाणी! मी नाखव्याला धरलं. "बोर्डावर 'हमखास डॉल्फिन' लिहिलंय. हमखास म्हणजे काय?"

"समुद्र काय माझ्या बापाशीचो?"

"मग बोर्ड कुणाच्या बापाचा?"

चाकूरचे जाधव गुरुजी, म्हणजे मृदुलाच्या मैत्रिणीचे वडील, मधे पडले. "जाऊ द्या की सायेब, लई ताणायलात. मासा हाय त्यो, मंत्री न्हाई जाब विचारायला!"

पण मी हटतो होय? परतीची गाडी दहाला सुटणार होती, तरी उजाडताच सगळ्यांना उठवून पुन्हा बोटीत बसवलं. पोरीला डॉल्फिन दाखवल्याशिवाय लातूरला जायचं नाही म्हणजे नाही!

नाखव्यानं इंजिन बंद केलं. "आता कोणी बोलू नकात." सगळे चिडीचूप. मृदुला कडेला वाकलेली, श्वास रोखून.

आणि बोट खालून गुर्रकन हादरली.

आता लातूरच्या माणसाचं अशा वेळी काय होतं, ते पुण्या-मुंबईकडं नाही कळायचं. भूकंपानंतर आम्ही कितीतरी दिवस दाराला कडी न लावता झोपलो. रस्त्यानं ट्रक गेला तरी अर्धी गल्ली अंगणात! पाय आधी उंबऱ्याबाहेर, डोळे नंतर उघडायचे. आपण बोटीत आहोत, हे त्या पायांना कोण सांगणार?

मी बाहेर पळालो.

बोटीच्या बाहेर काय असतं, ते बाहेर गेल्यावर कळलं.

लाइफ जॅकेटमुळं बुचासारखा वर आलो. बोटीवर एकच बोंबाबोंब. नाखवा शिव्या देत दोर फेकत होता, तेवढ्यात मृदुला किंचाळली, "बाबा, हलू नका! तुमच्या मागं!"

मागं डॉल्फिन होते म्हणे. आधी दोन, मग तिसरा. हातभर अंतरावर! मी दोर धरून, त्यांच्याकडं पाठ करून, खांबासारखा थिजून राहिलो. नाकातोंडात खारं पाणी. मान वळवायचा मोह काय थोडा होता? पण हललो नाही. वर पोरगी हसत होती आणि रडतही होती. जाधव गुरुजींनी तर हातच जोडले, मला की डॉल्फिनला, ते विचारायचं राहिलं.

वर ओढून घेतल्या घेतल्या मी ओल्या अंगानंच चौकशी सुरू केली. बोट हादरली की नाही?

"हादरली," नाखवा म्हणाला. "खालसून पाठ घासली तेंची."

ऐकलंत? म्हणजे धोका खरा होता! मी "बाहेर पळा!" असं ओरडून सगळ्यांना सावध केलं, मगच उडी मारली.

"ओरडलात की," माझं डोकं पदरानं खसाखसा पुसत बायको म्हणाली. "पण कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"पाण्यातून!"

मी साक्षीदार तपासले. गुरुजींना विचारलं, नाखव्याला विचारलं, शेवटी पोरीला विचारलं. फुटला एकही नाही. उडी आधी, ओरड नंतर. आणि बायको-पोरगी दोघी आत, बोटीतच.

याची जबाबदारी आजतागायत कुणीही स्वीकारलेली नाही.