सव्वा मूठ गहू आणि पदवीनंतरचा व्हिसा

देवाधर्माचं लिहायला बसले की माझाच मला राग येतो. कॉलेजात फीवाढीविरुद्ध पत्रकं वाटत वाढलेली मी. पण गेल्या श्रावणात जे घडलं, ते कुठल्याच पत्रकात बसत नाही.

बर्मिंगहॅमला माझी पदव्युत्तर पदवी पूर्ण झाली होती आणि विद्यार्थी व्हिसाचे तीनच आठवडे उरले होते. तिथे नोकरी करायची तर पदवीनंतरचा व्हिसा हवा. जळगावचा एजंट म्हणाला, "घरी या, इथूनच भरू." मलाही तेच ऐकायचं होतं. सोनगीरला आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशी देवी, बसणार होती. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घालायची आमची रीत. थोरल्या काकूशी, म्हणजे अक्काशी, दोन वर्षं भांडून मी त्यात पोरींची मूठ सुरू केली होती. परदेशातल्या त्या थंड खोलीत मला जात्याची घरघर ऐकू यायची, पुरणाचा वास यायचा. भांडून मिळवलेली मूठ चुकवायची? तिकीट काढलं.

विमानतळाच्या बसमध्ये मी अक्काशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तशी शेजारची बाई हसली. "खानदेशची का गं? मी जळगावच्या मेहरूणची." बर्मिंगहॅमच्याच एका इस्पितळात ती नर्स होती. बोलता बोलता एजंटचं निघालं आणि ती ओरडलीच, "या अल्ला! कोणत्या शहाण्यानं सांगितलं? हा अर्ज इथे राहूनच करतात, जुना व्हिसा चालू असताना. तिकडून होत नाही. माझा भाऊ असाच अडकला. नियम वाचलास का?"

नव्हता वाचला. जगाला 'वाचा, वाचा' म्हणून ओरडणारी मी! मोबाइलवर सरकारी पान उघडलं. तिचं अक्षरन् अक्षर खरं होतं. पुढच्या थांब्यावर तिनंच माझी बॅग खाली उतरवली.

अक्काच्या शिव्या खायच्या तयारीनं मी परत फोन लावला. ती म्हणाली, "तू तठेच थांब, माय. तुनी मूठ मी टाकसू. कानबाई तठे बी शे." कानबाई म्हणे तिथेही आहे!

मी तिथूनच अर्ज भरला. काही आठवड्यांनी मंजूर झाला. त्या बाईला देवीनं पाठवलं असं मी म्हणत नाही. नाही असंही म्हणवत नाही. एजंटवरचा संताप तसाच आहे, त्याच्यावर लिहीनच. पण सगळं मीच लढून मिळवते, हा ताठा त्या दिवशी गळाला. परतीच्या बसमध्ये आपोआप हात जोडले गेले. कुणाला, ते मी विचारलं नाही.