खुणेच्या नऊ कड्या

बोईसरमध्ये राहून लोकरीचा उद्योग करणारी बाई वेडीच असणार, असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे. इथे जानेवारीतसुद्धा पंखा बंद करायचा की नाही यावरून घरात वाद होतो. मी त्याला सांगते, मी विणत नाही रे फारशी, विणणाऱ्यांना लागतं ते करते. कारखान्यांच्या रस्त्याला मोटारींचं वाइंडिंग करणारं एक दुकान आहे. तिथली उरलेली तांब्याची तार, माहेराहून म्हणजे दातिवऱ्याहून आणलेले बारीक शिंपले आणि थोडे मणी एवढ्या भांडवलावर मी छोट्या कड्या करते. टाका कुठे घटवायचा, नक्षी कुठून फिरवायची हे विसरू नये म्हणून विणताना ही कडी सुईवर किंवा विणीत अडकवतात. सुईवरून टाके घसरू नयेत म्हणून सुपारीची टोपणंही करते. भोक पाडताना निम्म्या सुपाऱ्या फुटतात, पण हौसेला मोल नसतं.

मला या नादाला लावलं शेजारच्या वहिनींनी. त्या साताऱ्याकडच्या, यजमान इथल्या कारखान्यात. वीस वर्षं आमचं दाराला दार होतं. त्या विणत बसायच्या आणि विणलेलं सगळं गावी धाडायच्या. बोलल्या की त्यांचे टाके चुकायचे आणि बोलल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. म्हणून मी पहिली कडी करून दिली. तिच्या शिंपल्याची कड लोकरीत अडकली आणि वहिनींना हातभर वीण उसवावी लागली. रागावल्या नाहीत. घरातून कानस आणून माझ्या हातात ठेवली.

पुढे फोनवर ऐकायची पुस्तकं आली. वहिनींना वाचायला एक चष्मा लागायचा आणि विणायला दुसरा, त्यामुळे ऑडिओबुक त्यांना देवासारखं पावलं. दुपारी तीनला त्यांच्या दारात चटई पडायची. आवाज मोठा यावा म्हणून फोन स्टीलच्या डब्यात उभा करायचा, त्यांनी विणायचं, मी तार वळवायची. भाग चालू असताना तोंड उघडायचं नाही, एवढा एकच नियम होता. भाग अर्ध्या तासाचा आणि त्यावरची आमची चर्चा तासाची. गोष्टीतल्या सासवासुनांना आम्ही जे सल्ले दिले ते त्यांनी ऐकले असते, तर एकही कादंबरी शेवटापर्यंत गेली नसती.

बोईसरला नोकरीसाठी आलेलं माणूस नोकरी संपली की आपल्या गावी जातं. आम्ही इथलेच, त्यामुळे निरोप द्यायचं काम कायम आमच्याकडे. वहिनींच्या यजमानांची नोकरी संपली आणि टेम्पोत सामान चढलं. जाताना ठरलं, रोज तीनला दोघींनी आपापल्या घरी तोच भाग ऐकायचा आणि मग फोनवर बोलायचं. तशी आम्ही दोन पुस्तकं पार केली. समोर माणूस नव्हतं, पण आवाज होता, आणि मी त्यावर भागवत होते.

तिसऱ्या पुस्तकाचे दोन भाग झाले आणि फोनवर उत्तर यायला लागलं, आता जमत नाही, नंतर करते. तीन वेळा असं झालं. नंतर फोन काही आला नाही. मी रुसले. पन्नाशीच्या बाईने रुसू नये म्हणतात, पण रुसण्याला वय लागत नाही. आपली माणसं मिळाली, आता शेजारीण कशाला आठवेल, असं मनाशी म्हटलं आणि पुस्तक तिथेच बंद केलं. तीन वाजले की मात्र हातातलं काम थांबायचं. समोरच्या दारात आता दुसरं कुटुंब आहे. त्यांच्या चपला बघून मला दर वेळी राग यायचा, त्या बिचाऱ्यांचा काहीही दोष नसताना.

चार महिन्यांनी कुरियरने पार्सल आलं. अर्धवट विणलेली राखाडी शाल, सुया, उरलेली लोकर आणि चिठ्ठी, 'मनगट साथ देत नाही. पूर्ण करा.' शालीत माझ्याच नऊ कड्या अडकवलेल्या होत्या, पण कुठेही. दोन कड्यांमध्ये इथे चार बोटं अंतर, तिथे वीतभर. नक्षी तर साधी, तिला खुणेची गरजच नाही. वहिनींचं मोजणं बिघडलं, असं मी ठरवून टाकलं. कड्या मी केलेल्या, तेव्हा त्यांचा उपयोग माझ्याइतका कुणाला ठाऊक असणार? नऊच्या नऊ काढल्या, टाके दोरीवर घेतले, शाल कोमट पाण्यात धुऊन वाळत घातली आणि मग फोन लावला. बोलण्यात टोमणाही होता.

"वैनी, कड्या अशा कुटंपन लावल्या होत्या. मी काढून टाकल्या."

वहिनी म्हणाल्या, "काढल्या व्हय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. यजमानांना अर्धांगाचा झटका आला होता. दुपारी त्यांचा डोळा लागायचा तेव्हा वहिनी उशाशी बसून एका कानात पुस्तक ऐकायच्या आणि विणायच्या. ऐकता यायचं, बोलता यायचं नाही, ते जागे झाले असते. भाग संपला की जिथे वीण पोचली असेल तिथे एक कडी अडकवायची. मी विचारलं, किती भाग झाले ते मोजायला का?

"मोजायला कशाला, ताई? त्या त्या भागावर तुमच्याशी बोलायचं राहिलं, त्याची खूण. शाल परत आल्यावर तिथली वीण माझ्या हाताला लागली की काय बोलायचं होतं ते आठवलं असतं."

मी उन्हात जाऊन शाल हातात घेतली. कड्यांच्या जागा शोधल्या. धुतलेल्या लोकरीने सगळी भोकं मिटवून टाकली होती. नऊ दुपारी त्यांनी माझ्यासाठी बोलणं राखून ठेवलं होतं, आणि मी त्या वेळी इथे बसून त्यांना बोल लावत होते. एकदा तरी विचारायचं होतं, वहिनी, घरी सगळं ठीक ना? मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी तिथेच, कपड्यांच्या तारेखाली, रडले.

दुसऱ्या दिवसापासून तिसरा भाग लावला. रोज एक ऐकते, विणते. वाचणाऱ्या बाईचा आवाज चांगला आहे. पण भाग संपल्यावर जी शांतता येते, तिच्यात वहिनी काय म्हणाल्या असत्या ते मला नेमकं कळतं, आणि तेच ऐकायला मिळत नाही. काल त्या जिथपर्यंत आल्या होत्या तिथे मी पोचले. फोन करून म्हटलं, "आता पुडचा भाग लावू का?"

"नको," वहिनी म्हणाल्या. "मीबी लावला नाही. तुम्ही या, मग लावू. यांना आता आवाजानं जाग आली तरी चालंल."