बिरड्याचा सण, जुबैल

सौदीतल्या जुबैलला आलो त्या पहिल्याच आठवड्यात कॅम्पच्या मेसमध्ये कोलंबीचं कालवण होतं. मी ते बाजूला सारलं आणि नुसत्या डाळीवर जेवलो. समोर बसलेला माणूस बघत राहिला. तो श्रीवर्धनकडचा, कोकणी मुसलमान, आमच्या साइटवर स्कॅफोल्डिंगचा फोरमन.

"अलिबागकडचा ना तू? आणि कोलंबी खात नाहीस?"

"पित्त उठतं अंगावर," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. पुढे नऊ वर्षं आम्ही एकाच बसने कामावर गेलो, एकमेकांची सुटकेस एकमेकांच्या हाती गावाला पाठवली, पण तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मला पित्ताचा त्रास कधीच नव्हता. मी बेने इस्राएल, कोकणातला मराठी ज्यू. आमचे पणजोबा घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. खवल्यांवाचूनची मासळी आम्हाला चालत नाही, त्यात कोलंबी आली. घरात मराठी, सणाला पुरणपोळी, आणि सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणत. माझं पहिलं नाव असं आहे की ते ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान तिन्ही धर्मांत खपतं. नोकरीच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात एजंटाने काय लिहिलं, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही. इथे येऊन मी खोटं असं काही बोललो नाही. फक्त खरंही बोललो नाही. त्यात वर्षं निघून गेली.

वर्षातला एक दिवस मात्र जड जायचा. आमच्या पंचांगात आव नावाचा महिना आहे, तो ऐन जुलै-ऑगस्टात येतो. त्याच्या नवव्या तारखेचा उपास. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. त्याआधीचे दिवस मांसमच्छी बंद, आणि उपास सोडताना वालाचं बिरडं. म्हणून आमच्यात त्याला बिरड्याचा सण म्हणतात. सण कसला, सुतकच ते.

आई त्या दिवशी ठाण्याच्या घरात जमिनीवर बसायची आणि आम्हा दोघा भावंडांना दिवसाची हकिगत सांगायची. सांगायची म्हणजे मोजायची. मिसरातून सुटलेले आपले लोक वाळवंटात होते, पुढचा देश बघायला गेलेल्यांनी येऊन भीती घातली, आणि सगळे रात्रभर रडले, तो हा दिवस. देव म्हणाला, विनाकारण रडलात ना, आता कारण देतो. मग यरुशलेमचं पहिलं मंदिर जळालं ते याच दिवशी. शेकडो वर्षांनी दुसरं पडलं तेही याच दिवशी. स्पेनमधून सगळ्यांना हाकललं, ती मुदत याच दिवसाशी आली. पहिलं महायुद्ध पेटलं, तोही हाच. पोलंडमधून माणसं आगगाड्यांत कोंबून न्यायला लागले, तेही याच सुमारास.

एवढं झालं की ती पदराने तोंड पुसायची आणि आवाज न बदलता पुढे म्हणायची, "आणि तुमच्या बाबांच्या गिरणीला टाळं लागलं ते याच दिवशी."

बहीण तेव्हा लहान होती. तिने एकदा विचारलं, "आई, सगळं एकाच दिवशी कसं गं होतं?"

"होतं तसं," आई म्हणाली. "नाहीतर माणसाने वर्षभर रडायचं का?"

जुबैलमध्ये मी हा उपास गुपचूप करायचो. रमजानमध्ये सगळी साइट रोजे ठेवते, तेव्हा मी कोपऱ्यात जाऊन पाणी प्यायचो. आवच्या नवमीला उलट. उन्हाळ्यात आमच्याकडे सेफ्टीवाले प्रत्येकाच्या हातात बाटली कोंबतात, दर अर्ध्या तासाला पाणी प्यायलात का म्हणून विचारतात. मी बाटली तोंडाला लावायचो, ओठ मिटून ठेवायचो आणि खाली ठेवून द्यायचो.

दहाव्या वर्षी ते जमलं नाही. दुरुस्तीसाठी प्लांटचं शटडाउन चालू होतं. मी वेल्डिंगचा इन्स्पेक्टर, एका मोठ्या टाकीच्या आत शिरून जोड तपासत होतो. उन्हामुळे दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवतात, त्याआधी ते काम उरकायचं होतं. हातातली बॅटरी दोन-दोन दिसायला लागली एवढं आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा फोरमन मला धरून सावलीत बसला होता आणि माझ्या शर्टावर पाणी ओतत होता. कुणीतरी बाटली तोंडाशी आणली. मी दात घट्ट मिटले.

सेफ्टी ऑफिसर विचारायला लागला, सकाळपासून काय खाल्लं, काय प्यायलं. फोरमनच मध्ये बोलला, हिंदीत. "साहेब, पहाटेपासून उलट्या होतायत याला. पोटात काही ठरत नाही. मी नेतो क्लिनिकला."

गाडीत आम्ही दोघंच होतो. एसी फुल्ल होता तरी मला घाम येत होता. त्याने गाडी गेटबाहेर काढली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "आज तुमचा तो बिरड्याचा सण ना?"

मला वाटलं, पुन्हा चक्कर येणार.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आमच्या आळीत शेजारचंच घर तुमच्या लोकांचं होतं. मच्छी खवल्यांचीच, मटणाबरोबर ताक नाही, उंटाचं तर नावच नको. तू पण तसाच. पहिल्या दिवशीच कळलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू नाही बोललास, मी कशाला बोलू?" तो म्हणाला. मग बाटली माझ्याकडे सरकवत, "पण आज पाणी पी. माझी आजी सांगायची, शेजारच्या म्हातारीचा आजारपणात उपास चुकला तर ती रडायची, आणि तिचा नवराच तिला दटावायचा, जीव आधी म्हणून."

क्लिनिकच्या दारात मी पाणी प्यायलो. त्याने तोंड दुसरीकडे केलं होतं.

संध्याकाळी आईला फोन केला. उपास मोडल्याचं सांगितलं नाही. ती ठाण्यात एकटीच जमिनीवर बसलेली होती, आता उठवत नाही म्हणाली. बहीण लग्न करून इस्राएलला गेली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बहीण आईला कधीपासून बोलावत होती. त्याच हिवाळ्यात आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि बहीण येऊन तिला घेऊन गेली. मी रजेवर आलो तो तिला विमानतळावर सोडण्यापुरताच. तिने चाकाच्या खुर्चीतून माझा हात धरला आणि विचारलं, "फोन करशील ना?"

मी हो म्हणालो. आणि परत जुबैलला आल्यावर ठाण्याच्या चुलतभावाकरवी बहिणीला कळवलं, की तिथून मला फोन करू नका, मेसेजही नको. काही असेल तर त्याच्याकडूनच निरोप द्या. मला कुणी दम दिला नव्हता, कुणी विचारलंही नव्हतं. इस्राएलचा नंबर इथे कुणाच्या नजरेस पडेल, ही भीती माझी मीच घेतली होती. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, नोकरी, तिकडे हॉस्टेलवर असलेल्या माझ्या मुलीच्या इंजिनीअरिंगची दोन वर्षं राहिलेली, असं मी स्वतःला सांगत राहिलो. रजेवर मुंबईला गेलो की फोन करू, असं ठरवलं. रजा वर्षातून एकदा.

पुढची रजा यायच्या आधीच आई वारली, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. चुलतभाऊ गावाला गेला होता, त्याने मेसेज उशिरा पाहिला. मी तेव्हा पाइप यार्डात उभा होतो. मंगळवार होता, साधा मंगळवार. कुठला सण नाही, उपास नाही. आव महिना कधीच सरून गेला होता.

खोलीवर आलो. आमच्यात सात दिवस जमिनीवर बसायचं असतं. एक दिवसाची रजा मिळाली, कारणाच्या जागी "घरगुती" असं लिहिलं. फक्त फोरमनला खरं सांगितलं होतं, संध्याकाळी तो आला. चपला दाराबाहेर काढून माझ्यासमोर फरशीवर बसला.

"तुमच्यात प्रार्थनेला दहा माणसं लागतात ना?"

"हो."

"मी एक धर."

"तू चालत नाहीस रे," मी म्हणालो, आणि मला त्या दिवसात पहिल्यांदा रडू फुटलं.

"बरं," तो म्हणाला. "मग नुसता बसतो."

तासभर बसला. जाताना उंबऱ्याशी थांबला आणि म्हणाला, "बहिणीला फोन कर."

मी केला नाही. तो मुंबईला गेल्यावरच केला, पाच महिन्यांनी, चुलतभावाच्या गच्चीवरून. बहीण आधी रागावलेली होती, मग थकल्यासारखी बोलायला लागली. शेवटी शेवटी आईला फारसं आठवत नसे. नातवंडांची नावं जायची, बाबा गेलेत हेही विसरायची. आवची नवमी मात्र विसरली नाही. बहिणीने तिला तिथल्या सिनेगॉगमध्ये नेलं, सगळे जमिनीवर बसून हिब्रूत वाचत होते. ती मध्येच मोठ्याने मराठीत मोजायला लागली.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"मंदिरं नाही आठवली रे दादा. स्पेन नाही, काही नाही. एवढंच म्हणत राहिली, याच दिवशी माझा मुलगा अरबस्तानात गेला. खरं का ते? तू त्याच दिवशी गेला होतास?"

मी जुबैलला आलो तो फेब्रुवारीत. थंडी होती, आईने स्वेटर बळेच सुटकेसमध्ये घातला होता.

"हो," मी म्हणालो. "त्याच दिवशी."