उजेडाला धरलेली फिल्म

आमच्या भागात आजारी माणसाला बघायला येणारा प्रत्येकजण डॉक्टर असतो, फक्त शिकायचं तेवढं राहून गेलेलं असतं. चप्पल काढायची, शहाळं कोपऱ्यात ठेवायचं आणि हात पुढं करायचा, "फिल्म कुठंय?" मग ती एमआरआयची फिल्म खिडकीत उजेडाला धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि "हंऽऽ" म्हणायचं. तो "हंऽऽ" ऐकला की माझं डोकं फिरतं.

माझी आत्या येरमाळ्याजवळ मुलाकडं राहायची. तिच्या लिव्हरमध्ये गाठ आहे असं कळल्यावर मीच तिला पुण्याला नेलं. लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे चुंबकी कण बनवणं हेच माझं प्रयोगशाळेतलं काम. हे कण शिरेतून सोडले की निरोगी लिव्हर ते गिळून घेतं आणि एमआरआयमध्ये काळंभोर दिसतं. गाठीला ते गिळता येत नाहीत, म्हणून ती पांढरी राहते आणि लपत नाही. आत्याचं लिव्हर सगळं काळं आलं, कडेला लिंबाएवढी एकच पांढरी गाठ. डॉक्टर मला आणि आत्याच्या मुलाला, म्हणजे दादाला म्हणाले, "एकच आहे. काढून टाकू. पण उशीर नको." आत्या बाहेर बाकावर बसली होती. मी धावत जाऊन तिला मिठी मारली आणि म्हणाले, "तुम्ही बऱ्या होणार!"

फिल्म घेऊन गावी आलो आणि तिथंच घात झाला. दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याहून थोरले काका जीपनं आले. काका आत्याचे मोठे भाऊ. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कळत नाही असा विषय उरलेला नव्हता. फिल्म खिडकीत गेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अरारारा! समदं काळं पडलंय की."

मग ती फिल्म हातोहात फिरली. दादाच्या सासऱ्यांनी बोट ठेवलं, "हितं तेवढं पांढरं ऱ्हायलंय. तेवढंच चांगलं हाय बघा."

"आन डॉक्टर नेमकं तेच कापायचं म्हणतोय," काका म्हणाले. "चांगलं हाय ते काढायचं आन सडलेलं ठेवायचं! कसलं शास्त्र हाय हे?"

मी कपाळ बडवून घ्यायचीच बाकी होते. "काका, उलटं आहे. काळं ते चांगलं. ते लोखंडाच्या कणांमुळं काळं दिसतंय."

"मंजी तुमीच लोखंड घातलं व्हय अंगात? मग गंजणार न्हाय तर काय व्हईल!"

सगळ्या माना डोलल्या. काय ती एकजूट! हे सगळं दबक्या आवाजात चाललं होतं, कारण पेशंटच्या कानावर काही जाता कामा नये, हा आमच्याकडचा कायदा. आत्या आतल्या खोलीत पलंगावर होती. मीसुद्धा दातओठ खात कुजबुजतच भांडत होते.

"दादा, तू होतास ना तिथं? तू तरी बोल."

दादानं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली. "काका म्हणतेत त्यात बी पॉइंट हाय."

पॉइंट! डॉक्टरनं स्पष्ट सांगितलेलं या बाबाच्या एका कानातून गेलं आणि काकांचा गंज मात्र दुसऱ्यात घट्ट बसला. ऑपरेशन रद्द झालं. येडेश्वरीला नवस बोलला गेला, कुणाच्या तरी ओळखीतून काढा आला आणि आत्याला सांगण्यात आलं की गाठबीठ काही न्हाय, औषधानं भागतंय. मी पुण्याहून फोन करत राहिले. काका म्हणायचे, "तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव, बाई." पुढं पुढं ते फोनही उचलेनात.

उन्हाळा संपता संपता आत्याला जेवण जाईना. तेव्हा कुठं दादा तिला घेऊन पुण्याला आला. पुन्हा तीच तपासणी झाली. डॉक्टर सोमवारी भेटणार होते, तोवर घरी जाऊ असा आत्यानं हट्ट धरला. मीही सोबत निघाले. गाडीत मी फिल्म काचेला धरून बघितली. काळ्या लिव्हरभर पांढऱ्या गाठी होत्या.

घरी काका वाटच बघत होते. फिल्म खिडकीत गेली. या वेळी कुजबूज नाही, चक्क आरोळी.

"बघा! पांढरं वाढलंय! म्या म्हणलो व्हतो ना, गुण येणार म्हणून!"

दादाच्या बायकोनं देवापुढं साखर ठेवली. काका माझ्याकडं बघून असे हसले की ती फिल्म त्यांच्याच तोंडात कोंबावी असं मला वाटलं. एवढ्यात आत्या भिंतीला धरत बाहेर आली. किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं.

"व्हय गं? कमी झालं का?" तिनं मलाच विचारलं.

काका डोळ्यांनी मला दटावत होते. गेला तो कायदा चुलीत.

"नाही आत्या. पांढरी दिसते ती गाठ. आता गाठी खूप वाढल्यात."

तिचं हसू लगेच गेलं नाही. ती हळूहळू खाली बसली.

"आदी किती व्हत्या?"

"एक."

"डॉक्टर काय म्हणला व्हता तवा?"

"काढून टाकू म्हणाले होते."

काकांनी तोंड उघडलं, पण तिनं हातानंच त्यांना थांबवलं.

"आन मला कुणी इचारलं?"

तिनं काकांकडं बघितलं, मग दादाकडं, आणि मग माझ्याकडं.